म्हाताऱ्या कुत्र्याचा खोकला : घशात बोटे घालू नका

मागच्या महिन्यातील गोष्ट. सकाळची ओपीडी संपत आली होती. ओळखीचे एक निवृत्त मास्तर आले. उजव्या हाताच्या दोन बोटांना फडके गुंडाळलेले. "डॉक्टरसाहेब, धनुर्वाताचे इंजेक्शन द्या," म्हणाले. काय लागले म्हणून विचारले तर म्हणाले, "काही नाही हो, घरच्याच कुत्र्याचा दात लागला. चावला नाही तो. पंधरा दिवसांपासून खोकतोय, ओकारी काढल्यासारखे करतो. घशात हाडूक अडकले असेल म्हणून बोटे घालून पाहत होतो."

कुत्रा अकरा वर्षांचा, पॉमेरियन. लस दिली का? "पिल्लू होता तेव्हा एकदा दिली होती." त्यानंतर? त्यानंतर काही नाही.

मी धनुर्वाताचे इंजेक्शन दिले आणि रेबीजची लसही सुरू करायला सांगितली. मास्तर नाराज झाले. "अहो, घरचा कुत्रा आहे, पिसाळलेला नाही. बशीभर पाणी पितो, मला ओळखतो." त्यांचे म्हणणे मला पटले नाही आणि माझे त्यांना. हा प्रश्न अनेकांच्या घरी येतो, म्हणून आज त्यावर सविस्तर लिहितो. मी माणसांचा डॉक्टर आहे, जनावरांचा नाही. कुत्र्याची तपासणी आणि औषध हे पशुवैद्यकाचेच काम. परंतु कुत्र्याचा खोकला पाहायला गेलेले बोट घेऊन माणूस शेवटी आमच्याच दारात येतो.

प्रथम खोकल्याचे पाहू. कुत्रा सात-आठ वर्षांचा झाला की त्याचे म्हातारपण सुरू झाले असे धरावे. लहान जातीचे कुत्रे थोडे उशिरा म्हातारे होतात, लॅब्रॅडॉर किंवा अल्सेशियनसारखे मोठे कुत्रे लवकर. या वयातील कुत्रा जोराने खोकतो, मान लांब करतो आणि शेवटी ओकारी काढल्यासारखे करून पांढरा फेस टाकतो. पाहणाऱ्याला हमखास वाटते की घशात काहीतरी अडकले आहे. वास्तविक हाड अडकण्याचा प्रकार अचानक होतो. जेवता जेवता किंवा जेवल्यावर लगेच कुत्रा बेचैन होतो, पंजाने तोंड खाजवतो. जो खोकला आठवडे न् महिने चालला आहे आणि ज्यात कुत्रा जेवतोही आहे, तो बहुतेक वेळा हाडाचा नसतो.

मग कशाचा असतो? पॉमेरियनसारख्या लहान कुत्र्यांत दोन कारणे नेहमीची. एक म्हणजे श्वासनलिका ढिली पडणे. ही नळी इंग्रजी सी अक्षरासारख्या कूर्चेच्या कड्यांनी उघडी राहते. वय झाले की कडी मऊ पडतात, नळी चपटी होते आणि श्वास घेताना आतून मिटू लागते. असा कुत्रा बदकासारखा आवाज काढून खोकतो, विशेषतः आनंदाने उड्या मारताना किंवा गळ्यातली साखळी ओढली गेली की. कुत्रा लठ्ठ असेल तर त्रास दुप्पट. आपल्याकडे घरातल्या कुत्र्याला उरलेली पोळी, तूप, बिस्किटे असे काहीही चालते. त्याचे वजन कोणी पाहत नाही.

दुसरे कारण हृदयाचे. हृदयाच्या डाव्या बाजूची झडप म्हातारपणी जाड होते, नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळते. त्यामुळे डावा वरचा कप्पा फुगतो आणि त्याच्या डोक्यावरूनच जाणाऱ्या श्वासनलिकेच्या फांदीला खालून दाबतो. तिथे खवखव होऊन खोकला येतो. पुढे फुप्फुसात पाणी भरू लागते. मग कुत्रा रात्री जास्त खोकतो, एका कुशीवर झोपत नाही, बसूनच राहतो, थोडे चालला की धापा टाकतो. माणसाच्या हृदयविकारात आम्ही जे पाहतो तेच हे चित्र. घरच्या घरी करण्याजोगी एक गोष्ट सांगतो. कुत्रा गाढ झोपलेला असताना घड्याळ लावून त्याची छाती एका मिनिटात किती वेळा वर येते ते मोजा. तीसपेक्षा जास्त आणि रोजच जास्त येत असेल तर त्याच दिवशी जनावरांच्या दवाखान्यात न्या.

मोठ्या कुत्र्यांत, विशेषतः म्हाताऱ्या लॅब्रॅडॉरमध्ये, तिसराच प्रकार दिसतो. स्वरयंत्राचे स्नायू लुळे पडतात. भुंकण्याचा आवाज घोगरा होतो, श्वास घेताना घरघर होते, पाणी पिताना ठसका लागतो. पुष्कळदा मागचे पायही हळूहळू कमजोर होतात. स्वरयंत्राला जी नस जाते ती मोठी वळसेदार आहे. डाव्या बाजूची तर मेंदूकडून निघून छातीत उतरते, महाधमनीला वळसा घालते आणि पुन्हा गळ्याकडे वर येते. माणसातही हीच रचना. म्हणूनच एखाद्याचा आवाज तीन आठवड्यांपेक्षा जास्त बसला तर आम्ही नुसता घसा पाहून थांबत नाही, छातीही तपासतो. तंबाखू खाणाऱ्या वाचकांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे.

स्वरयंत्र लुळे पडलेल्या कुत्र्याला आपला मराठवाड्याचा उन्हाळा फार धोक्याचा. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. जीभ काढून धापा टाकणे हाच त्याचा पंखा. स्वरयंत्राचे दार नीट उघडले नाही तर तो पंखा बंद पडतो. एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातूरला पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा असा कुत्रा दुपारी पत्र्याच्या शेडखाली किंवा बंद मोटारीत ठेवला तर तासाभरात जिवाला मुकू शकतो. फिरवायचे ते उजाडताच. जीभ निळसर दिसली तर अंगावर साधे पाणी ओतून, वारा घालत तातडीने दवाखाना गाठावा.

आणखीही कारणे आहेत. किडलेले दात आणि त्यातला पू, चुलीच्या धुराने किंवा घरातल्या विडीने येणारा जुनाट खोकला, छातीतील गाठ. बाहेर हिंडणाऱ्या कुत्र्यांत अन्ननलिकेच्या भिंतीत गाठ करणारा एक जंत आढळतो. शेणकिडे किंवा ते खाल्लेली पाल, कोंबडी कुत्र्याने खाल्ली की तो त्याच्या पोटात जातो. अशा कुत्र्याने खाल्लेला घास न पचता परत येतो आणि मालकाला पुन्हा हाडूकच आठवते.

क्षयाचे वेगळे सांगायला हवे. कुत्र्याकडून माणसाला क्षय होतो का, असे मला विचारतात. उलट प्रकार जास्त पाहण्यासारखा आहे. घरातल्या माणसाचा क्षय कुत्र्याला लागू शकतो. तेव्हा कुत्रा खोकत असेल तर घरात दुसरे कोण खोकते तेही पाहावे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असलेल्या माणसाची थुंकी तपासलीच पाहिजे. सरकारी दवाखान्यात ही तपासणी मोफत होते.

आता मास्तरांच्या बोटाकडे येतो. वर सांगितलेली सारी कारणे बहुतेक हळूहळू वाढणारी आहेत. पण घशाचा त्रास दोन-चार दिवसांतच उद्भवला असेल तर एक कारण सर्वांत आधी मनात आणायचे, ते म्हणजे रेबीज. पिसाळलेला कुत्रा म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे सैरावैरा धावणारा, दिसेल त्याला चावणारा कुत्रा येतो. पण या रोगाचा एक मुका प्रकारही आहे. त्यात कुत्रा कोणाला चावत नाही. कोपऱ्यात पडून राहतो. घशाचे आणि जबड्याचे स्नायू लुळे पडल्याने भुंकणे बदलते, खालचा जबडा लोंबतो, लाळ गळते, घास गिळता येत नाही, ठसका लागल्यासारखे होते. अगदी घशात हाड अडकल्यासारखे! आणि प्रेमळ मालक तोंड उघडून आत हात घालतो. त्या लाळेत विषाणू असतात. रोगाची लक्षणे दिसण्याच्या काही दिवस आधीपासूनही ते लाळेत येतात. हाताला जुनी चीर असेल, नखाशेजारी सालपट निघालेले असेल, तरी तेवढे पुरते. चावा लागलाच पाहिजे असे नाही.

"पाणी पितो म्हणजे पिसाळलेला नाही" ही समजूत तर सोडूनच द्या. पाण्याची भीती हे माणसाच्या रेबीजचे लक्षण आहे. कुत्र्यात ते दिसत नाही. गिळता येत नसतानाही कुत्रा पाण्यात तोंड घालतो.

मी इंटर्न होतो तेव्हा वॉर्डात एक शेतकरी दाखल झाला होता. चाळिशीचा, धडधाकट, स्वतःच्या पायांनी चालत आलेला. पाण्याचा पेला पुढे केला की घसा आवळून यायचा. पंख्याचा वारा लागला तरी तसेच. चावल्याचे तो नाकारत होता आणि ते खरेच होते. बरेच विचारल्यावर बायकोने सांगितले की दोन महिन्यांपूर्वी आखाड्यावरचा म्हातारा कुत्रा खाईना, म्हणून यांनी त्याच्या तोंडात हात घालून भाकरी भरवली होती. कुत्रा चौथ्या दिवशी मेला. "म्हातारा होता, गेला," असे म्हणून पुरून टाकला. तो माणूस तिसऱ्या दिवशी गेला. शेवटपर्यंत शुद्धीवर होता. लक्षणे सुरू झाल्यावर तेव्हाही उपाय नव्हता आणि आजही जवळजवळ नाही. त्या माणसाचा चेहरा मी विसरलेलो नाही. मास्तरांशी मी वाद घातला तो त्यामुळेच.

असा हात लागला तर काय करावे? जखम किंवा लाळ लागलेली जागा वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी. घड्याळ पाहूनच. पंधरा मिनिटे ही आपल्या अंदाजापेक्षा फार मोठी असतात. हळद, चुना, तिखट, तेल, झाडपाला काही लावू नये. पट्टी घट्ट बांधू नये. त्याच दिवशी दवाखान्यात यावे. पोटातल्या चौदा इंजेक्शनांची भीती अजूनही खेड्यात आहे. ती मेंढीच्या मेंदूपासून केलेली जुनी लस होती, ती आपल्याकडे २००५ पर्यंत बंद झाली. आताची लस दंडात देतात, पहिल्या दिवसापासून अठ्ठावीसाव्या दिवसापर्यंत चार किंवा पाच वेळा. रक्त आले असेल किंवा उघड्या जखमेवर, डोळ्यात, तोंडात लाळ गेली असेल तर लसीसोबत जखमेत सीरमही भरावे लागते. ते टाळू नये. लस अंगात शक्ती तयार करायला काही दिवस घेते, तेवढे दिवस सीरम राखते. गरोदर बाई, अंगावर पिणारे मूल, कोणालाही ही लस देता येते. नुसते धडधाकट कातडीवर कुत्र्याने चाटले असेल तर मात्र धुणे पुरेसे, लस लागत नाही.

कुत्रा बांधून दहा दिवस पाहावा. लस मात्र दहा दिवस थांबवून ठेवू नये, ती लगेच सुरू करायची. कुत्रा दहा दिवस नीट राहिला तर पुढचे डोस द्यायचे की नाही ते डॉक्टर ठरवतात. आजारी कुत्रा त्या दिवसांत मेला, मग तो हृदयाने मेला असे तुम्हाला कितीही वाटो, डोस पूर्ण करायचे आणि पुरण्याआधी पशुवैद्यकाला कळवायचे. मेंदूच्या तपासणीनेच खरे काय ते समजते.

कुत्र्यासाठी तालुक्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय दवाखाना आहे. एक्स-रे किंवा अधिक तपासणी लागली तर आपल्या भागात उदगीरचे आणि परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडते. आपण त्याला ढोरांचा दवाखाना म्हणतो, पण तिथे कुत्र्यालाही तितकेच नीट पाहतात. नेताना तोंडाला फडक्याची सैल पट्टी बांधावी, धाप लागलेली असेल तर तीही बांधू नये. खोकला कधीपासून, दिवसा की रात्री, आवाज बदलला का, गेल्या सहा महिन्यांत दुसरा कुत्रा, कोल्हा, मुंगूस चावले होते का, शेवटची लस कधी, हे आधीच आठवून ठेवावे. सध्या कोणाजवळही मोबाइल असतो. खोकतानाचे चित्रण करून नेले तर डॉक्टरचे अर्धे काम होते, कारण दवाखान्यात गेल्यावर कुत्रा हमखास खोकत नाही. रेबीजची लस कुत्र्याला तीन महिन्यांचा झाल्यावर आणि पुढे पशुवैद्यक सांगतील त्याप्रमाणे, साधारण दरवर्षी द्यावी. म्हातारा झाला म्हणून बंद करू नये.

मास्तर उदगीरला गेले. एक्स-रेत कुत्र्याचे हृदय मोठे दिसले. दहा दिवस उलटले, कुत्रा होता तसाच, मास्तरांचे उरलेले डोस मी थांबवले. आता कुत्र्याच्या गळ्यातला पट्टा जाऊन छातीचा पट्टा आला आहे, तूप बंद आहे आणि पाणी काढणारी गोळी चालू आहे. तीच गोळी मास्तरांनाही गेल्या वर्षापासून चालू आहे. परवा येऊन विचारत होते, "माझ्या पाकिटातली अर्धी मोडून दिली तर चालेल ना?" नाही चालणार. कुत्र्याचा डोस त्याच्या वजनावर ठरतो आणि तो पशुवैद्यकानेच ठरवायचा. आणि मास्तरांच्या घरात सांधेदुखीची जी आयबुप्रोफेनची गोळी आहे, ती तर कुत्र्याला चुकूनही देऊ नये. तिने त्याच्या जठराला व्रण पडतात आणि मूत्रपिंडे निकामी होतात.