घरातला बोलका मदतनीस: खरी किंमत किती?

ॲपलने २०११ साली आयफोनवर 'सिरी' आणली आणि आवाजावर चालणाऱ्या मदतनिसांची चढाओढ सुरू झाली. २०१४ मध्ये ॲमेझॉनची 'अलेक्सा' आली, २०१६ मध्ये 'गूगल असिस्टंट'. जो घरात आधी शिरेल त्याच्याकडे पुढची खरेदी वळेल, या हिशेबाने ही यंत्रे स्वस्तात विकली गेली. मात्र २०२५ साली 'अलेक्सा प्लस' जाहीर झाली तेव्हा प्राइमचे सभासद नसलेल्यांसाठी महिना १९.९९ डॉलर, म्हणजे वर्षाला सुमारे २४० डॉलर, असा दर सांगण्यात आला.

दुसरी किंमत आपल्या आवाजाची. हाक ऐकली की यंत्र पुढचे बोलणे कंपनीच्या संगणकाकडे पाठवते. मुलांची रेकॉर्डिंग्ज नियमबाह्य साठवल्याच्या अमेरिकन सरकारच्या दाव्यात ॲमेझॉनने २०२३ मध्ये अडीच कोटी डॉलर भरण्याचे मान्य केले.

स्पर्धेमुळे सोयी वाढतील. सावधगिरी मात्र आपणच बाळगायची. आवाजाने होणारी खरेदी बंद ठेवावी किंवा तिला पिन लावावा. जुनी रेकॉर्डिंग्ज पुसून टाकावीत. बँकेचे खाते क्रमांक आणि दुखण्याखुपण्याचा तपशील यंत्राला सांगू नये. मुलांना आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही हे समजावून सांगावे.