मीटरवरचा ओहम आणि लोडवरचा ओहम

साध्या 60 वॅटच्या पिवळ्या बल्बवर 230 व्होल्ट असं छापलेलं असतं. वॅटला व्होल्टनं भागलं की धारा मिळते 0.26 अँपिअर, आणि व्होल्टला या धारेनं भागलं की रोध येतो सुमारे 880 ओहम. आता तोच बल्ब होल्डरमधून काढून मल्टिमीटरच्या दोन पिनांमध्ये धरला, तर काटा किंवा आकडा साठ-सत्तर ओहमवर थांबतो. बल्ब चांगला, मीटर चांगला, तरी तेरा-चौदापट फरक! कारण पेटलेल्या बल्बची टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेली असते आणि तापलेलं टंगस्टन धारेला कितीतरी जास्त अडवतं. साठ-सत्तर ओहम कायम राहिले असते तर या बल्बनं आठशे वॅटच्या आसपास ओढले असते. बटण दाबल्याच्या पहिल्या क्षणी तो तसे ओढतोही, म्हणून जुने बल्ब बहुधा लावतानाच उडतात. माझं म्हणणं एवढंच, की उपकरणाचा कामाचा रोध ते चालू असतानाच्या व्होल्ट आणि अँपिअरवरून काढावा. बंद उपकरणाला मीटर लावून मिळतो तो ओहम खोटा नसतो, पण तो दुसऱ्याच अवस्थेतला असतो.

यावर कुणी म्हणेल, मीटर सरळ ओहम दाखवत असताना भागाकार कशाला? पण मीटरही आत भागाकारच करतो. ओहमच्या रेंजवर तो आपल्या बॅटरीतून बारीकशी धारा सोडतो, टोकांमधला व्होल्टेज बघतो आणि उत्तर दाखवतो. मिलिअँपिअरएवढ्या धारेत काहीच तापत नाही. गिझरच्या एलिमेंटमधल्या नायक्रोमच्या बाबतीत याचं फारसं बिघडत नाही, कारण तापल्यावर त्याचा रोध थोडाच वाढतो. 2000 वॅटच्या गिझरचा एलिमेंट थंड मोजा वा चालू, साडेसव्वीस ओहमच्या जवळपासच येतो. मग पाणी तापत नाही अशी तक्रार आली, की एका मीटरनं गिझरच्या टर्मिनलवरचा व्होल्टेज आणि टंग टेस्टरनं धारा एकाच वेळी बघावी. टंग टेस्टर एकाच तारेभोवती लावायचा; फेज आणि न्यूट्रल दोन्ही जबड्यात घेतल्या तर जाणारी आणि येणारी धारा एकमेकींना मारतात आणि आकडा शून्य दिसतो. समजा 190 व्होल्ट आणि 7.2 अँपिअर मिळाले. भागाकार सव्वीसच्या वर, म्हणजे एलिमेंट धडधाकट. गुणाकार मात्र 1370 वॅटच्या आत. व्होल्टेज सतरा टक्के उतरलं तर वॅट जवळजवळ बत्तीस टक्के गेले, कारण व्होल्टबरोबर अँपिअरही घसरले. एलिमेंट बदलायला लावणाऱ्या कारागिराला हे दोन आकडे विचारायला हरकत नाही.

लोडवर मोजण्याचा खरा कस लागतो तो सैल जोडात. समजा एमसीबीपाशी 228 व्होल्ट आहेत आणि गिझर चालू असताना त्याच्या टर्मिनलवर 217. गिझर बंद केला की दोन्हीकडे 228च दिसतात, कारण धारा नाही तर ड्रॉपही नाही. चालू असताना 8.2 अँपिअर वाहत असतील, तर अडीच स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या तारेत, जाऊन-येऊन तीस मीटर धरले, तर दोन व्होल्टही पडणार नाहीत. उरलेले नऊ व्होल्ट कुठेतरी एका जागी पडताहेत. त्यांना 8.2 नं भागलं तर रोध 1.1 ओहम, गुणलं तर सुमारे 75 वॅट; म्हणजे जुन्या बल्बहून जास्त उष्णता सॉकेटच्या एका स्क्रूपाशी कोंडते. प्लग काळा पडतो, बेकलाइटचा वास येतो, ते यातूनच. सप्लाय बंद करून थंड मीटर लावला तर साडेसव्वीसच्या जागी साडेसत्तावीस ओहम दिसतील आणि एवढा फरक कुणाच्या डोळ्यात भरणार नाही.

आपल्याकडे व्होल्टेज स्थिर कुठे असतं, हा आक्षेप रास्त आहे. जॉर्ज ओहमलाही हीच अडचण आली होती. रासायनिक बॅटऱ्यांचा जोर प्रयोग चालू असतानाच बदलायचा, म्हणून 1826 मध्ये त्यानं बिस्मथ आणि तांब्याच्या जोडाचं एक टोक उकळत्या पाण्यात, दुसरं बर्फात ठेवून स्थिर स्रोत मिळवला. त्याला नियम शोधायचा होता, तेव्हा स्थैर्य हवंच होतं. आपल्याला फक्त नियम लावायचा आहे. दोन्ही आकडे एकाच क्षणाचे असले की पुरे. त्याहून गंभीर आक्षेप सुरक्षिततेचा. चालू टर्मिनलवर पिना टेकवणं जोखमीचं आहे, ते जाणत्या वायरमननंच करावं. तार तुटली आहे का एवढंच बघायचं असेल तर सप्लाय बंद करून मोजणंच बरोबर. पण एलिमेंटचं इन्सुलेशन तपासायला तोच वायरमन मेगर काढतो आणि 500 व्होल्ट लावतो, कारण मल्टिमीटरच्या दोन-चार व्होल्टना ओलसर इन्सुलेशनमधली गळती बहुधा दिसतच नाही. बंद उपकरणावरही निदान कामाच्या ताणाएवढा तरी व्होल्टेज द्यावा लागतो, तो यासाठी.

मोटरपाशी मात्र या हिशेबाला मुरड घालावी लागते. एक हॉर्सपॉवरचा सिंगल फेज पंप 230 व्होल्टवर 6 अँपिअर घेत असेल, तर 1380 हा गुणाकार वॅट नव्हे. पॉवर फॅक्टर 0.75 धरला तर खरे वॅट 1035 च्या घरात. भागाकार 38 येतो, तोही वायंडिंगचा रोध नव्हे. थंड मीटरवर वायंडिंग काही ओहमच भरते. बाकीची अडवणूक चुंबकीय क्षेत्राची आणि फिरणाऱ्या रोटरची. म्हणून पंपात गाळ अडकून रोटर जाम झाला की मोटर नुसती गुणगुणते, अँपिअर कितीतरी पटीनं चढतात आणि 38 चा आकडा झपाट्यानं खाली येतो. त्या वेळी स्टार्टर लगेच पाडून मल्टिमीटर लावला, तर वायंडिंग अजून जळली नसेल तोवर ओहम जवळपास नेहमीचेच दिसतील.