सहल करावी आडवाटेची



दिवाळी झाली, गव्हाची पेरणी उरकली, की शाळाशाळांतून एकच विषय निघतो : यंदा सहल कुठे न्यायची? आणि उन्हाळा लागला, की घराघरांतही तोच प्रश्न वेगळ्या तोंडाने विचारला जातो : चार दिवस कुठे थंड हवेला जाऊन यावे? उत्तर बहुधा ठरलेले असते. महाबळेश्वर, माथेरान, लोणावळा, नाहीतर आपल्या नाशिककरांना जवळचे म्हणून सापुतारा. ही ठिकाणे चांगली आहेत, त्यांना नावे ठेवण्याचे कारण नाही. पण ती आपल्यासाठी चांगली आहेत का, आणि त्यांसाठी जो पैसा पडतो तो पदरात परत पडतो का, हा हिशेब आपण सहसा करीत नाही. तो कसा करावयाचा, हे आज पाहू.

प्रथम हे ध्यानात घ्या, की ही प्रसिद्ध ठिकाणे निवडली कुणी आणि कुणासाठी. मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी १८२९ च्या सुमारास महाबळेश्वरी वसाहत उभी केली. पुढे उन्हाळ्यात मुंबई सरकारचा मुक्कामच तेथे हलू लागला. माथेरान १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांनी शोधले असे सांगतात, आणि १९०७ साली नेरळहून तेथे छोटी आगगाडी सुरू झाली. म्हणजे काय, की समुद्रकाठच्या दमट उकाड्याने जीव नकोसा झालेल्या मुंबईकर साहेबांनी आपल्या सोयीने ही ठिकाणे पाहिली. त्यांची गरज आणि आपली गरज एक आहे का?

यासाठी भूगोलाचा एक सोपा नियम उपयोगी पडतो. शिक्षकांनी तो फळ्यावर अवश्य मांडावा. आपण जसजसे उंच चढतो तसतशी हवा थंड होत जाते. दर हजार मीटर उंचीला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअस, असे ढोबळ प्रमाण धरतात. आता पाहा. मुंबई समुद्रसपाटीला. माथेरान सुमारे ८०० मीटर उंच. मुंबईकराला तेथे पाचएक अंशांचा गारवा मिळतो. पण नाशिक मुळातच सुमारे ६०० मीटर उंचीवर वसलेले आहे! नाशिकचा माणूस माथेरानला गेला तर तो चढला किती? अवघे दोनशे मीटर. त्याला मिळणारा गारवा एक-सव्वा अंशाचा. महाबळेश्वर सुमारे १३७२ मीटर उंच. तेथे मुंबईकराला जवळजवळ नऊ अंशांचा फरक जाणवेल, आपल्याला पाचाचा. झाडी, वारा, ओलावा यांनी या आकड्यांत थोडाफार फेर पडतो, पण मूळ हिशेब हाच. दुसऱ्याच्या मापाचा सदरा आपण दुप्पट दाम देऊन घालतो, असा हा प्रकार आहे.

उलट खानदेशातल्या मंडळींचे पाहा. तापीचे खोरे सखल. शहादा, नंदुरबारकडचा उन्हाळा म्हणजे अंगाची लाही. त्यांच्याच नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यात, शहाद्यावरून जाता येईल असे तोरणमाळ आहे, सुमारे ११५० मीटर उंचीचे. तेथे यशवंत तलाव आहे, सीताखाईची खोल दरी आहे. खोऱ्यातून वर गेलेल्या माणसाला नऊशे-हजार मीटरांची चढ मिळते, म्हणजे सहा अंशांच्या आसपास फरक. महाबळेश्वरने नाशिककराला जे दिले त्याहून अधिक तोरणमाळ खानदेशकराला देते, आणि तेही घरच्या अंगणात.

आता कोणी म्हणेल, प्रसिद्ध ठिकाणी सोयी असतात, म्हणून ती महाग. यात तथ्य आहे, पण अर्धेच. महागाईचे खरे कारण गर्दी. सगळे लोक त्याच आठवड्यांत, दिवाळीच्या, नाताळच्या आणि मे महिन्याच्या सुटीत, त्याच जागी जातात. तेथल्या दुकानदाराला, खोलीवाल्याला त्या थोड्या दिवसांत वर्षाची कमाई करावयाची असते. मालही घाट चढून येतो. त्याला दोष देऊन काय उपयोग? पण आपण त्या गर्दीत भर घालावी असा काही नेम नाही.

हे शहाणपण साता समुद्रापलीकडेही आहे. युरोपात हिवाळ्यात पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत जाण्याचा खेळ आहे. त्याला स्की म्हणतात. स्वित्झर्लंडातले झेरमाट, फ्रान्समधले शामोनी ही त्यांची महाबळेश्वरे. पण बेताच्या मिळकतीचे लोक नकाशा उघडून बसतात आणि बल्गेरियातील बान्स्कोसारखे, पिरीन डोंगराच्या पायथ्याचे गाव शोधतात, नाहीतर स्लोव्हाकिया, स्लोव्हेनिया या देशांकडे वळतात. बर्फ आहे ना? उतार आपल्याला झेपणारा आहे ना? जेवणखाण परवडेल ना? एवढे विचारतात आणि निघतात. नावाला ते पैसे मोजीत नाहीत. आपल्याकडे बर्फाचा खेळ काश्मीरात गुलमर्गला आणि उत्तराखंडात औलीला चालतो. ते आपल्यापासून दूर. पण निवडीची रीत मात्र आपल्या सह्याद्रीला जशीच्या तशी लागू आहे.

तेव्हा आता खर्चाचे गणित. सहलीच्या खर्चाचे तीन भाग असतात : अंतर, मुक्कामाच्या रात्री आणि वरखर्च. नाशिकहून महाबळेश्वर पुण्यावरून सुमारे सव्वातीनशे किलोमीटर. जाऊन-येऊन साडेसहाशे. नाशिकहून भंडारदरा सत्तरएक किलोमीटर, सप्तशृंगगडही त्याच बेताचा. जाऊन-येऊन दीडशेच्या आत. गाडीचे भाडे किलोमीटरवर असते, म्हणजे पहिला आकडा चौपटीहून अधिक. शिवाय लांब गेले की एक-दोन रात्री काढाव्या लागतात. जवळ गेले तर पहाटे निघून रात्री घरी येता येते, किंवा एका रात्रीत भागते. एस.टी. महामंडळ शैक्षणिक सहलींना भाड्यात ५० टक्के सवलत देते, तिचा लाभ घ्यावा. घरच्या सहलीलाही एस.टी. किफायतीची पडते. मार्च २०२३ पासून महिलांना निम्मे तिकीट आहे, आणि ७५ वर्षांवरील वृद्धांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. तेव्हा आजीला घरी ठेवून जाण्याचे कारण उरले नाही.

हा हिशेब निव्वळ काटकसरीचा नाही, हे मला विशेषकरून शिक्षकांना सांगावयाचे आहे. वर्गात चाळीस मुले असतात. लांबच्या सहलीची वर्गणी फळ्यावर लिहिली, की त्यातली काही मुले मान खाली घालतात. कांद्याला भाव नाही, बाप मजुरीला जातो, हे त्या पोराला ठाऊक असते. तो घरी विचारीतच नाही. ‘मला यायचेच नाही,’ असे मित्रांना सांगून मोकळा होतो. आणि सहलीहून परतलेली मुले पुढे महिनाभर त्याच गोष्टी बोलत राहतात. तो मुकाट्याने ऐकतो. सहल शिक्षणाचा भाग असेल, तर तो भाग कुणाच्या वाट्याला येऊ नये असे कसे चालेल? म्हणून ठिकाण निवडताना पहिली कसोटी हीच ठेवा, की सगळा वर्ग येऊ शकेल का.

दुसरी कसोटी, तेथे शिकण्यासारखे काय आहे. आपल्या भागात याला तोटा नाही. नाशिकच्या पांडवलेण्यांत २४ लेणी आहेत. सातवाहन आणि क्षत्रप राजांचे शिलालेख तेथे भिंतीवर वाचता येतात. गौतमीपुत्र सातकर्णीची आई बलश्री हिचा लेखही तेथेच. नाशिक-त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरी आहे. डोंगरावर गिधाडे आणि दुर्मिळ वनस्पती, पायथ्याच्या परिसरात नाण्यांच्या अभ्यासाची संस्था. सिन्नरला यादवकाळचे गोंदेश्वर मंदिर आहे. मनमाडजवळ अंकाई-टंकाई हे जोडकिल्ले आहेत, टंकाईच्या अंगाला जैन लेणी आहेत, आणि खाली अंकाई नावाचे रेल्वे स्टेशनच आहे. सापुताऱ्याला जाणारे असाल, तर अलीकडेच सुरगाणा तालुक्यात हातगड लागतो. चढ सोपा, आणि वरून दिसणारा मुलूख तोच. पैसा टाकून गर्दीत फिरण्यापेक्षा गडावर बसून घरची भाकरी खाल्लेली बरी, नाही का?

ज्यांना डोंगर चढावयाचा आहे त्यांनी घोटीवरून बारी गाव गाठावे. तेथून कळसूबाईची वाट आहे. १६४६ मीटर, महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर. अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. वरच्या वर्गातल्या मुलांना ते झेपते, पण पहाटे लवकर चढू लागावे. जवळच भंडारदऱ्याचे धरण आहे. प्रवरेवरचे हे धरण १९२६ साली पुरे झाले. त्याच अकोले तालुक्यात कोंभाळणे गावी राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभारली, त्यासाठी त्यांना २०२० सालची पद्मश्री मिळाली. शेतकऱ्यांच्या मुलांना याहून मोलाचा धडा कोणता? बागलाणातला साल्हेर १५६७ मीटर उंच, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. १६७२ सालची मराठ्यांची मोठी लढाई येथलीच. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांत तो आहे. मात्र चढ लांबचा. तेथे सरावाची, मोठी मुलेच न्यावीत.

आणि खरी थंडी पाहावयाची हौस असेल, तर डोंगरच चढला पाहिजे असे नाही. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा कधीकधी चार-पाच अंशांच्याही खाली उतरतो. द्राक्षबागाईतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवितात. मघाशी सांगितले उंचावर थंडी, मग सखल निफाडला हा कडाका कसा? कारण असे, की निरभ्र, निवांत रात्री जमीन आपली उष्णता झपाट्याने सोडते. जमिनीलगतची गार हवा जड होते आणि पाण्यासारखी वाहत सखल भागी साचते. डोंगराचा नियम दिवसाचा आणि सरासरीचा, निफाडची गोष्ट हिवाळी पहाटेची. मुलांना दोन थर्मामीटर देऊन एक टेकडीवर, एक ओढ्याकाठी पहाटे वाचायला सांगा. पुस्तकातले पान डोळ्यांपुढे उभे राहील. निफाड तालुक्यातच नांदूर मध्यमेश्वर आहे, राज्यातले पहिले रामसर पाणथळ क्षेत्र, जानेवारी २०२० मध्ये जाहीर झालेले. थंडीत तेथे चक्रवाक, थापट्या, तलवार बदक असे पाहुणे पक्षी दूर देशांहून उतरतात. ते काही वर्गणी मागत नाहीत.

तिसरी कसोटी काळवेळेची. सप्तशृंगगडावर भक्तनिवास आहे, प्रसादालय आहे, २०१८ पासून वर जायला फ्युनिक्युलर गाडी आहे. कुटुंबाला स्वस्त आणि सोयीची जागा. पण चैत्रातली यात्रा आणि नवरात्र सोडून जावे. पावसाळ्यात इगतपुरी-भंडारदऱ्याकडे धबधब्यांची शोभा असते, पण मोठा जमाव मुलांचा घेऊन जाण्याचा तो काळ नव्हे. वर पाऊस झाला, की खाली ऊन असतानाही पाण्याचा लोंढा येतो.

शेवटची कसोटी जिवाची. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे १४ विद्यार्थी बुडाले. घरून हसत निघालेली ती मुले होती. म्हणून मुलांना धरणात, डोहात, समुद्रात उतरू देऊ नका, कितीही हट्ट करोत. हरिहरसारख्या उभ्या पायऱ्यांच्या गडावर लहान मुले नेऊ नका. लेण्यांत, कड्यांवर आग्यामोहळे असतात. तेथे धूर, आरडाओरडा, अत्तर नको. दहा मुलांमागे एक मोठे माणूस, मुलींबरोबर शिक्षिका, पालकांचे संमतिपत्र आणि शिक्षण खात्याची परवानगी यांत कुचराई नको. ठिकाण ठरविण्यापूर्वी एका शिक्षकाने स्वतः जाऊन पिण्याचे पाणी, शौचकूप, जवळचा दवाखाना आणि फोनची रेंज पाहून यावे. पायथ्याच्या गावात आधी सांगून ठेवले, तर पिठले-भाकरीची व्यवस्था होते. तो पैसाही तेथल्याच एखाद्या घरात राहतो.

तर मंडळी, पुढच्या सहलीचा विषय निघेल तेव्हा एक करा. फळ्यावर तीन ठिकाणांची नावे लिहा. प्रत्येकापुढे अंतर, मुक्काम, माणशी खर्च आणि तेथे काय शिकावयाचे ते मांडा. आकडेमोड मुलांनाच करू द्या. आणि शेवटच्या रकान्यात लिहा, वर्गातली किती मुले येऊ शकतील. ज्या ठिकाणापुढे ‘सगळी’ असे लिहिता येईल, तिकडे गाडी न्या.