पशुवैद्य बदलायचा आहे? आधी कागद गोळा करा

कुत्र्या-मांजराच्या उपचारांबद्दल समाधान नसेल, तर पशुवैद्य बदलण्यात गैर काही नाही. मात्र आधी स्पष्ट विचारावे: निदान काय, ते कशावरून केले, दुसरा पर्याय आहे का? उत्तरे टाळली जात असतील, तर दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

तिथे रिकाम्या हाताने जाऊ नये. लसीकरणाचे कार्ड, रक्ततपासणीचे अहवाल, एक्स-रे आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत न्यावी. समजा, लंगडणाऱ्या कुत्र्याला स्टेरॉइड सुरू आहे. नव्या डॉक्टरांना ते ठाऊक नसेल आणि त्यांनी मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक दिले, तर पोटात व्रण होऊन रक्तस्राव होऊ शकतो. मांजराच्या मूत्रपिंडाच्या आजारात क्रिएटिनिनचे जुने आकडे हाती असले, तरच आजार किती वेगाने वाढतो आहे हे कळते.

डॉक्टर बदलला म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये; बरेच दिवस दिलेले स्टेरॉइड अचानक थांबवणे घातक ठरू शकते. नवे डॉक्टर नोंदणीकृत आहेत ना, हेही विचारावे. भारतीय पशुवैद्यकीय परिषद कायदा, १९८४ नुसार ही नोंदणी होते.