विश्लेषण : हिरोशिमाचा ‘काळा पाऊस’ काय होता? न्यायासाठी ७६ वर्षे का लागली?

६ ऑगस्ट १९४५. सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर अणुबॉम्ब पडला आणि काही वेळातच पाऊस सुरू झाला. थेंब काळे होते. होरपळलेल्या, तहानलेल्या अनेकांनी तेच पाणी प्यायले.

पाऊस काळा का होता?
स्फोटानंतर शहरभर आगी लागल्या. तापलेली हवा वेगाने वर गेली. सोबत काजळी, धूळ आणि किरणोत्सारी कणही गेले. उंचावर गार झालेल्या बाष्पाचे थेंब बनले आणि हे सारे पावसातून खाली आले. शहराच्या वायव्येकडील गावेही त्यात भिजली.

कादंबरीत काय आहे?
मासुजी इबुसे यांच्या ‘कुरोई आमे’ म्हणजेच ‘काळा पाऊस’ या कादंबरीतील यासुको या पावसात सापडलेली असते. त्यामुळे तिचे लग्न जमत नाही. ती निरोगी आहे, हे पटवण्यासाठी घरचे तिची डायरी उतरवून काढतात. पुढे ती आजारी पडतेच.

प्रत्यक्षात काय घडले?
नेमके उलटे. आपण भिजलो होतो, हेच लोकांना सिद्ध करावे लागले. सरकारने १९७६ मध्ये सुमारे १९ किमी लांब आणि ११ किमी रुंद पट्टा मदतीसाठी निश्चित केला. पट्ट्याबाहेरचे वंचित राहिले.

निकाल काय लागला?
जुलै २०२१ मध्ये हिरोशिमा उच्च न्यायालयाने पट्ट्याबाहेरच्या ८४ जणांना ‘हिबाकुशा’, म्हणजे अणुबॉम्बपीडित मानले. सरकारने पुढे अपील केले नाही. मात्र तोवर काही अर्जदारांचे निधन झाले होते.