हवेच्या लाइनमधला एनआरव्ही

वणीच्या कोळसा खाणींपासून यवतमाळच्या लोहारा एमआयडीसीपर्यंत, कॉम्प्रेसरच्या सोबतीला एनआरव्ही, म्हणजे नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, ही झडप असतेच.

• काम : हवा एकाच दिशेने सोडणे. जादा दाब सोडतो तो सेफ्टी व्हॉल्व्ह, तो वेगळा.

• दाब : कारखान्यात साधारण ७ बार, म्हणजे सुमारे १०० पीएसआय.

• झीज : पिस्टन कॉम्प्रेसरची हवा धक्क्याधक्क्याने येते. प्रवाह कमी पडला की बिजागरीचं पातं अर्धवट उघडून फडफडतं. आधी पिन आणि बुश झिजतात, मग बैठक. हवा मागे गळू लागते. मूळ दुखणं बहुधा व्हॉल्व्हचं गरजेपेक्षा मोठं माप.

• उपाय : माप पाइपवरून नव्हे, प्रत्यक्ष प्रवाहावरून. जागा एल्बोपासून दूर, सरळ पाइपात. धक्के जोरात असतील तर स्प्रिंगचा व्हॉल्व्ह.

• जिनिंगच्या हंगामात कापसाचं तूस कॉम्प्रेसरच्या इनटेक फिल्टरवर साचतं आणि प्रवाह कमी पडतो. तो वारंवार साफ करावा.