तूस, राख आणि दहा गुंठे

तंजावरहून पट्टुकोट्टैच्या रस्त्याने ओरत्तनाडु गाठलं की मराठी माणसाची पावलं आधी मुक्तांबाळ छत्राकडे वळतात. दुसऱ्या सरफोजी महाराजांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी ते उभारलं. इथे वाटसरूला जेवण मिळे, आजाऱ्याला औषध आणि मुलांना शिक्षण. त्या पंगतींना लागलेल्या भाताच्या तुसाचं काय झालं, हे विचारायचं कुणाला सुचलं असेल?

आज ते विचारलं जातं. शंभर किलो साळीमागे वीसेक किलो तूस निघतं. ते जाळलं की चारेक किलो राख उरते आणि तिच्यात बहुतांश सिलिका असते. रोप ती जमिनीतून पाण्याबरोबर शोषतं आणि दाण्याच्या कवचात साठवतं. उकड्या तांदळाच्या गिरण्या बॉयलरमध्ये तूसच जाळतात, त्यामुळे राखेला तोटा नाही. मराठी घरांत अशा राखेचीही राखुंडी दाताला लावत. मात्र भट्टी फार तापली तर सिलिका स्फटिकरूप होते. मग ती विरघळायला जड जाते आणि तिची धूळ फुप्फुसांना घातक ठरते.

या सिलिकेला नॅनोमीटरच्या मापाची छिद्रं पाडता आली तर तिचं मोल पालटतं. मोबिल कंपनीच्या संशोधकांनी 1992 मध्ये जाहीर केलेल्या एमसीएम-41 या पदार्थाच्या एका ग्रॅममध्ये सुमारे हजार चौरस मीटर पृष्ठभाग असतो. म्हणजे चिमूटभर भुकटीत दहा गुंठे! औषध धरून ठेवायला, पाणी गाळायला, रासायनिक क्रिया घडवायला हीच जागा कामाला येते.

गोम ती बनवण्यात आहे. साबणासारख्या रेणूंच्या साच्याभोवती सिलिका जमवतात, मग साचा साधारण 550 अंशांवर तासन् तास भाजून जाळून टाकतात. तंजावरजवळच्या स्वामीमलैचे मूर्तिकार मेणाचाच साचा वापरतात, पण त्यांचं मेण निदान वितळून बाहेर येतं. इथे महागडं रसायन धूर होऊन जातं. इंग्लंडमधल्या शेफील्ड विद्यापीठात सिद्धार्थ पटवर्धन यांच्या गटाने पाण्यातच सिलिकेचं कवच घडवणाऱ्या डायटम शेवाळाचा धडा गिरवला: साधं पाणी, खोलीचं तापमान, काही मिनिटांत सिलिका. साच्याचे रेणू जाळायचे नाहीत, आम्लाने धुऊन परत मिळवायचे.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत तर खलबत्ताच बाहेर आला. राहुल बॅनर्जी आणि सहकाऱ्यांनी 2013 मध्ये दोन सेंद्रिय भुकट्या जवळजवळ द्रावकाविना, हाताने खलून सच्छिद्र जाळी तयार केली. खलता खलता रंग पिवळा, मग नारिंगी, शेवटी गडद लाल होत गेला. 2017 मध्ये याच गटाने कुंभाराची रीत उचलली: मिश्रण मळायचं, आकार द्यायचा, भाजायचं. छिद्रांच्या विक्रमांपेक्षा ही काटकसर मोठी मानायला हवी.

तुसाच्या बाबतीत ती अजून साधायची आहे. राख फुकट मिळते, कॉस्टिक सोडा मिळत नाही. त्यात राख विरघळवून आम्ल ओतलं की सिलिका खाली बसते आणि वर मिठाचं पाणी उरतं. ओरत्तनाडुच्या भोवती ते सोडायला भातखाचरांशिवाय जागा नाही, आणि कावेरीचा त्रिभुज प्रदेश 2020 च्या तमिळनाडू कायद्याने संरक्षित कृषिक्षेत्र ठरला आहे.